राथेन ते बास्टाय: घळीतून वर, पुलावरून खाली

ऑक्टोबरात आम्ही दोघी मैत्रिणींनी जर्मनीतल्या सॅक्सन स्वित्झर्लंडमध्ये बास्टायचा (एल्बकाठचे उंच कातळ सुळके आणि त्यांना जोडणारा दगडी पूल) डे हाइक केला. नावात स्वित्झर्लंड असलं तरी हा भाग ड्रेस्डेनच्या जवळ एल्ब नदीच्या काठी आहे, अठराव्या शतकात दोन स्विस चित्रकार इथे आले, त्यांना घरची आठवण झाली आणि तेच नाव चिकटलं. इथले फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात पण कुठून चढायचं, कधी निघायचं हे आम्हाला नीट कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ड्रेस्डेनच्या मेन स्टेशनवरून एस-1 लोकल पकडायची, अर्धा-पाऊण तासात कुरोर्ट राथेन येतं. स्टेशन नदीच्या एका काठाला आणि चढाईचा सगळा भाग पलीकडे, त्यामुळे आधी फेरीबोट. ही फेरी मस्त आहे, प्रवाहात लांब केबलला बांधलेली असते आणि तिला जरा तिरकी केली की नदीचं पाणीच ढकलत पलीकडे नेतं.

फेरीतून उतरलं की वर जायला दोन वाटा. एक सरळ पुलाकडे चढते, जवळची आहे, बहुतेक लोक तीच घेतात. दुसरी गावातून आत आम्सेलझे तलावाच्या काठाने जाते आणि मग डावीकडे श्वेडनलोखर नावाच्या घळीत शिरते. आम्ही दुसरी घेतली आणि चढायला तीच घ्या असं मी ठामपणे सांगेन. साधारण 700 पायऱ्या आहेत, काही दगडात खोदलेल्या, काही लाकडी, काही लोखंडी, आणि दोन्ही बाजूंना कातळ इतके जवळ येतात की मध्ये मध्ये सॅक काढून हातात धरावी लागते. तीस वर्षांच्या युद्धात, 1639 मध्ये, स्वीडिश सैन्य आलं तेव्हा आसपासच्या गावातली माणसं इथे लपली होती, नाव त्यावरूनच पडलंय. आत गेल्यावर पटतं, भर दिवसा अंधारून आल्यासारखं वाटतं, हवा एकदम गार होते, खालच्या वाटेवरचा आवाज वर पोचतच नाही.

दम लागतो, खोटं कशाला सांगू. पण उंची बेताचीच आहे, बास्टाय नदीपासून 194 मीटर वर. नेहमी चालणाऱ्याला जड नाही, गुडघे दुखत असतील तर सावकाश जा. मात्र याच पायऱ्यांनी उतरायचा विचार असेल तर नको, कारण खाली ओल असते आणि शेवाळं धरलेलं असतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि एका लोखंडी जिन्यावर माझा पाय सटकला, कठडा धरला होता म्हणून वाचले. ग्रिपवाले बूट हवेतच, गुळगुळीत तळाचे स्नीकर्स अजिबात नको.

आता दगडाबद्दल, कारण मला खरं तर त्यासाठीच जायचं होतं. सह्याद्रीतल्या काळ्या बसाल्टची सवय असलेल्या हाताला हा वालुकाश्म एकदम वेगळा लागतो, खरखरीत, पिवळसर करडा, आणि बोट फिरवलं की बोटावर वाळू येते. क्रेटेशियस काळात, म्हणजे डायनासोर होते तेव्हा, इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेली ही वाळू. दगडाला आडवे थर आहेत आणि उभ्या भेगा आहेत, पाणी आणि बर्फ त्या भेगांत शिरून त्या रुंद करत गेलं, म्हणून डोंगर सलग न राहता असे सुटे सुटे सुळके उभे राहिलेत. काही ठिकाणी दगडावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, तिथे थांबून नक्की बघा. पाणी दगडातून झिरपताना क्षार घेऊन येतं, बाहेर आलं की सुकतं, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि वाळूचे कण सुटून पडतात. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्ख चर्च याच एल्बच्या वालुकाश्मातून बांधलेलं आहे, दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बघितलंत तर मजा येते.

ओला वालुकाश्म कमकुवत होतो, म्हणून इथले क्लायंबर्स ओल्या कातळावर चढत नाहीत आणि हाताला लावायची पांढरी पावडर पण इथे चालत नाही. तर कृपा करून फोटोसाठी कठडा ओलांडून कुठल्याही सुळक्यावर चढू नका, आणि नावं तर अजिबात कोरू नका. दोन-तीन जागी कोरलेली बघितली, फार वाईट वाटलं, किल्लीनेसुद्धा कोरला जाईल इतका मऊ दगड आहे हो.

वर पोचलो आणि एकदम गर्दी! वरपर्यंत गाडीने येता येतं ना, त्यामुळे अकरानंतर बसेस भरून माणसं येतात. जुना व्ह्यू पॉइंट खालचा दगड झिजल्यामुळे 2016 मध्ये बंद केला होता, त्याच जागी 2023 पासून नवीन प्लॅटफॉर्म आहे. तिथून एल्बचं मोठं वळण, समोर लिलिएनश्टाइनचा सपाट माथ्याचा डोंगर (415 मीटर) आणि मागे क्योनिगश्टाइनचा किल्ला, सगळं एका नजरेत येतं. आम्ही डबा खाऊन तिथेच बराच वेळ बसलो.

दगडी पूल 1851 चा, आधी तिथे लाकडी होता. लांबी 76.5 मीटर, खाली सात कमानी. पुलाला लागूनच नॉयराथेन या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, वेगळं तिकीट आहे पण चुकवू नका. लोखंडी जाळीच्या वाटांवरून कातळाकातळांतून फिरता येतं, पाणी साठवायची टाकी दिसते, आणि पुलाचा खरा फोटो तिथून मिळतो, पुलावरून नाही. दुपारी आम्हाला पुलावर नीट उभं पण राहता आलं नाही, चारनंतर परत गेलो तर जवळजवळ रिकामा, आणि तिरप्या उन्हात सुळके अक्षरशः मधासारखे दिसत होते. म्हणून माझं म्हणणं, सकाळी घळीने चढा, दुपार वर काढा, पूल शेवटी ठेवा आणि तिथूनच राथेनला उतरा. उतारही पायऱ्यांचाच आहे पण रुंद आणि बऱ्यापैकी कोरडा.

आम्ही साडेनवाला फेरीत होतो, साडेपाचला परत फेरीपाशी, निवांत थांबत थांबत. वर रेस्टॉरंट आणि टॉयलेट आहे, घळीत काहीच नाही, म्हणून पाणी खालूनच भरून घ्या. नॅशनल पार्क आहे, त्यामुळे आग पेटवायला पूर्ण बंदी आणि खुणा केलेली वाट सोडायची नाही. स्प्रूसची बरीच झाडं वाळलीत, जोराचा वारा असेल तर जंगलातल्या वाटा त्या दिवशी टाळाच. आणि परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळी उतरतानाच धक्क्यावरच्या बोर्डवर बघून ठेवा, ती गेली की स्टेशन समोर दिसत असून पलीकडे जाता येत नाही.