बाउझरचा दरारा गेला कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सुपर मारिओ ब्रदर्स या निन्टेन्डो कंपनीच्या व्हिडिओ गेममध्ये नायक मारिओला घेऊन ज्याच्यासमोर जाताना तळहाताला घाम सुटे, तो कासवाच्या पाठीचा, आग ओकणारा राजा बाउझर पुढे असा हास्यास्पद का झाला, असे मला वारंवार विचारले जाते. विचारणारे बहुतेक माझ्याच पिढीचे असतात. टीव्हीला जोडायचे यंत्र आणि शेकडो खेळ असल्याची बढाई मारणारी एक पिवळी कॅसेट, एवढ्यावर त्यांची बाउझरशी ओळख झालेली असते आणि नंतरचे त्याचे आयुष्य त्यांनी पाहिलेलेच नसते.

१९८५ मधला बाउझर भीतिदायक होता खरा, पण तेव्हा त्याला स्वभाव असा नव्हताच. सुपर मारिओ ब्रदर्सच्या माहितीपुस्तिकेत लिहिले होते की, बाउझरच्या कूपा या कासवांच्या जमातीने काळ्या जादूने मश्रूम राज्यातील शांतताप्रिय प्रजेचे दगड, विटा आणि वनस्पतींमध्ये रूपांतर केले आहे. आपल्याकडच्या नकली कॅसेटबरोबर ही पुस्तिका अर्थातच आली नाही, त्यामुळे मारिओकरवी आपण ज्या विटा धडाधड फोडल्या, त्यांत एखादा बिचारा प्रजाजन असू शकतो, ही शंका कुणाच्या मनाला शिवली नाही. प्रत्येक जगाच्या चौथ्या टप्प्याच्या शेवटी बाउझर लाव्ह्यावरच्या पुलावर उभा असे, उड्या मारी, आग ओके आणि एक अक्षरही बोलत नसे. त्याच्या पाठीमागे एक कुऱ्हाड असे. मारिओ तिथवर पोहोचला की पूल कोसळे आणि महाराज थेट लाव्ह्यात. आपल्याच किल्ल्यातला पूल तोडण्याची सोय आपणच करून ठेवणाऱ्या राजात विनोदाचे बीज तेव्हाच होते, असे मला वाटते; मात्र ते रुजून वर यायला अकरा वर्षे लागली.

मधल्या काळात घडलेल्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. १९९२ च्या सुपर मारिओ कार्टमध्ये बाउझर मारिओच्या शेजारी गाडी लावून शर्यतीला उभा राहिला, आणि पुढे टेनिस, गोल्फ, पार्टीचे खेळ असे सगळे ओघाने आले. ज्याच्याबरोबर काल शर्यत लावली, त्याने आज मश्रूम राज्याच्या राजकन्या पीचला पळवले, तर तिच्या काळजीने कुणाची झोप उडत नाही.

खरा कायापालट केला तो १९९६ च्या सुपर मारिओ आरपीजीने. निन्टेन्डोसाठी हा खेळ स्क्वेअर या कंपनीने तयार केला होता. कथाप्रधान खेळ असल्यामुळे पात्रांनी बोलणे भागच होते, आणि बाउझरने तोंड उघडताच त्याच्यातला बढाईखोर बाहेर पडला. कथेच्या आरंभीच एक प्रचंड तलवार आकाशातून येऊन त्याच्या किल्ल्यात रुतते आणि राजा बेघर होतो. सैन्याची दाणादाण उडते, उरलेसुरले शिपाईही सोडून जातात, आणि अशा अवस्थेत मारिओची गाठ पडल्यावर हा गृहस्थ मदत मागण्याऐवजी मारिओलाच आपल्या सैन्यात भरती करून घेतल्याचे जाहीर करतो. पुढे मारिओच्या मागे मागे चालतानाही सेनापती आपणच, हा आव कायम. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला हा प्रकार.

बाउझरची ताकद नंतरही कमी झाली नाही. फरक इतकाच पडला की, मारिओ समोर नसताना तो काय करतो, हे आपल्याला दिसू लागले, आणि हसू आले ते तिथे. २००४ च्या पेपर मारिओ: द थाउजंड-इयर डोअरमध्ये प्रकरणांच्या मध्ये त्याचे स्वतंत्र प्रवेश आहेत, आणि तो जिथे तावातावाने पोहोचतो, तिथले काम मारिओने बहुधा आधीच उरकलेले असते. २००९ च्या बाउझर्स इनसाइड स्टोरीत तर मारिओ आणि लुइजी त्याच्या शरीरातच अडकतात. बाहेर बाउझरची शक्ती कमी पडू लागली की आत हे दोघे भाऊ त्याच्या दंडाच्या स्नायूंना चेतना देतात, बाहेर त्याचा जोर वाढतो, आणि तो मात्र स्वतःच्या बाहुबळावर खूश! बाउझरवरचा याहून चांगला विनोद मी पाहिलेला नाही.

त्याचा संसारही असाच हळूहळू उलगडला. १९८८ च्या सुपर मारिओ ब्रदर्स ३ मधली कूपालिंग नावाची सात खलपात्रे त्याचीच मुले मानली जात. पुढे मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी बाउझर ज्युनिअर हा त्याचा एकुलता एक मुलगा असल्याचे सांगितले आणि सात जणांचे पितृत्व एका वाक्यात निकालात निघाले. हा ज्युनिअर पहिल्यांदा दिसला २००२ च्या सुपर मारिओ सनशाइनमध्ये. पीच ही तुझी आई आहे, अशी थाप बापाने त्याला मारलेली असते. शेवटी ते खोटे होते, हे सांगताना बाउझर अक्षरशः अडखळतो, आणि मुलगा म्हणतो की, मला ते ठाऊकच होते. २०१७ च्या सुपर मारिओ ओडिसीत बाउझर पांढरा सूट आणि उंच टोपी घालून पीचशी लग्न करायला निघतो आणि लग्नाचा बस्ता चक्क चोरून बांधतो: एका राज्यातून अंगठी, दुसऱ्यातून पोशाख, तिसऱ्यातून फुले. अखेरीस तो आणि मारिओ दोघेही फुले पुढे करून पीचसमोर उभे राहतात, आणि ती दोघांनाही नकार देते. मारिओचीही फजिती करून घेण्याचे हे धाडस निर्मात्यांनी दाखवले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

तरीही जुना दरारा परत हवा, असे ज्यांना वाटते, त्यांना मी २०२१ चा बाउझर्स फ्युरी खेळायला सांगतो. त्यात तो काळ्याकुट्ट चिखलाने माखलेला, डोंगराएवढा होऊन तळ्यातून उठतो, आकाश अंधारते आणि चहूकडे आगीचा वर्षाव होतो. पण त्याला इतके भयंकर करण्यासाठी निर्मात्यांना त्याची वाचा काढून घ्यावी लागली. तो नुसता गरजतो. बढाया नाहीत, रुसवे नाहीत, लग्नाचे बेत नाहीत. बापाचे हे रूप ज्युनिअरलाही सोसवत नाही, आणि त्याला पूर्ववत करण्यासाठी तो मदत मागायला येतो तो मारिओकडे. मी तो खेळ ज्युनिअरच्या बाजूने खेळलो.