सहा नंबरचा पावसाळा

मेच्या शेवटी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. खोक्यात चौदा चाकू आहेत, पण पाऊस संपेपर्यंत खिशात एकच राहील: ओपिनेल हा फ्रेंच घडीचा चाकू, नंबर सहा (म्हणजे माप), कार्बन पोलादाचं पातं, बीचची मूठ. (बीच म्हणजे झाड. रत्नागिरीत हा शब्द काढला की लोक भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याकडे बोट दाखवतात.) स्टेनलेसचा आठ नंबरही आहे माझ्याकडे, पण त्यात कसली आली परीक्षा? आल्प्सच्या थंड हवेत जन्मलेलं लाकूड आणि गंजणारं पोलाद कोकणातल्या चार महिन्यांत काय करतं, तेच बघायचं होतं.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी थोडक्यात. जोसेफ ओपिनेलने हा चाकू १८९० मध्ये फ्रान्समधल्या सावोयच्या डोंगरात, शेतकऱ्यांच्या खिशासाठी बनवला. १८९७ मध्ये एक ते बारा अशी मापं ठरली. एक आणि अकरा नंतर बंद पडले, म्हणून आजही दहानंतर थेट बारा येतो. पात्यावर मुकुट घातलेला हात दिसतो, तो १९०९ चा. हात सेंट जॉनचा, तिथल्या गावाच्या चिन्हातून घेतलेला, आणि मुकुट सावोयच्या सरदारकीचा. पातं उघडल्यावर फिरवून अडकवायची कडी मात्र बरीच उशिरा, १९५५ मध्ये आली. ती सहा नंबरपासून पुढेच मिळते. माझी निवड सहावर थांबली ती त्यामुळेच. पातं सात सेंटीमीटरच्या आसपास, बंद केल्यावर शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मावतं.

जून, पहिला आठवडा. मोठा पाऊस लागायच्या आत उरलेले रातांबे (कोकमाची फळं) फोडायची घरात घाई. आई विळीवर बसली होती, मी पाटावर माझा चाकू घेऊन. पाचसहा रातांबे होईस्तोवर चकचकीत पात्यावर जांभळट ढग उठले. धुऊन पुसलं तर खाली करडा डाग पक्का बसलेला. आम्हा चाकू जमवणाऱ्यांना हा डाग हवाच असतो. लिंबू, व्हिनेगर, कडक चहा असले उपाय करून लोक तो मुद्दाम आणतात. मी आणला नाही, कामातून येऊ दिला. पुढच्या दोन आठवड्यांत कैरीने टोकाकडे निळसर पट्टा दिला आणि ओल्या सुपारीने मधोमध शाईसारखा काळा. सुपारीतलं टॅनिन लोखंडाला भेटलं की जुन्या दौतीतली शाई होते, त्यातलाच हा प्रकार. आईची एकच तक्रार, "कैरीला लोखंडाची चव येते." खरं होतं ते. डाग पुरता बसल्यावर चव गेली, पण तोवर माझा चाकू लोणच्याच्या कैऱ्यांपासून लांब ठेवला गेला.

उशिराच्या एका फणसावरही हात चालवला. त्याआधी पात्याला खोबरेल फासलं, ते काही मी कुठे वाचलेलं नाही. आमच्याकडे शेंबडं पोरही फासतं. चीक धरत नाही. पण चीक बिजागरीच्या फटीत गेलाच. तेल फक्त पात्याला लावून भागत नाही, फटीतही सोडायला हवं होतं.

जून २६. अडकला! सलग चार दिवस पाऊस, हवेत इतका ओलावा की मिठाच्या बरणीत पाणी. सकाळी पाकिटाची दोरी कापायला चाकू काढला तर पातं हलेना. बीच पाणी पितं, फुगतं, आणि फट दोन्ही बाजूंनी पातं आवळून धरते. नखाच्या खाचेत नख घालून ओढलं, नख गेलं. मग सावोयवाल्यांचा जुना उपाय: कडी मोकळी करून मुठीचा मागचा टोकदार गोल भाग टेबलावर टक्कन आपटायचा. पातं थोडंसं बाहेर येतं, ते चिमटीत धरून उघडायचं. तीन ठोक्यांत आलं. चौथा ठोका स्टीलच्या टेबलावर मारू नका, माझ्या मुठीला तिथे चपटा डाग पडला आहे.

मग रीतसर दुरुस्ती. कडी सर्कलिप पकडीने काढली. लाकूड आधी कोरडं करायला हवं, आणि जुलैच्या तोंडावर ऊन आणायचं कुठून? तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवला, शून्य फरक. शेवटी इन्व्हर्टरच्या डोक्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला, तिथे कायम कोमट असतं. तीन दिवसांनी पातं सुटं झालं. फटीच्या दोन्ही भिंती वॉटर पेपर दुमडून हलक्या हाताने घासल्या, अगदी केसभर. मग अळशीचं कच्चं तेल, आत-बाहेर, लाकूड नको म्हणेपर्यंत. पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा.

यानंतर पाऊसभर फक्त एकदा ठोकावा लागला.

जुलैचा मधला आठवडा. या नोंदवहीतली सगळ्यात कामाची नोंद ही. लांज्याजवळ काकांची छोटी रोपवाटिका आहे. पाऊस लागला की तिथे कोय कलमांचा हंगाम. कोय रुजून दहा-पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस, देठ कोवळा. त्याचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला खालून पाचर करायची, ती चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधायची. बस एवढंच. पण चिरेच्या आणि पाचरेच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना लागला नाही तर कलम धरत नाही.

मी मोठ्या ऐटीत सहा नंबर पुढे केला. काकांनी उघडला, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली, मान हलवली. एक काडी घेतली, दोन बाजूंनी दोन ओढ. पाचर माझ्यासमोर धरली.

"याच्यात बघ."

"काय बघू?"

"पोट आहे याला."

काप उजेडासमोर धरला तर मधे बारीकसा फुगवटा. ओपिनेलचं पातं दोन्ही बाजूंनी किंचित गोलाईत घासलेलं असतं. सफरचंद, चीज, पाव यांना ते उत्तम, कारण काप चिकटत नाही. पण तीच गोलाई पात्याला लाकडातून ढकलत बाहेर काढते आणि काप सपाट येत नाही. काकांनी मग त्यांचा काढला. करवत मशीनच्या जुन्या पात्याचा तुकडा, लोहाराने घासून दिलेला, मुठीला सायकलच्या ट्यूबचे वेढे. एका अंगाला धार, दुसरं अंग सहाणेवरच्या गंधासारखं गुळगुळीत आणि सपाट. त्याच काडीच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी ओढ मारली. काप असा की त्याला बोट लावलं तर चिकटेल. दिवसभर शेकड्याने काड्या कापून ते संध्याकाळी निसण्यावर फक्त धारेचं अंग पाजतात. सपाट अंगाला कधी दगड तिरपा लावत नाहीत.

माझ्या चौदांतल्या एकालाही अशी एकांगी धार नाही. आठ वर्षं हे सगळं जमवतो आहे आणि माझ्याच घरच्या धंद्याला लागणारा चाकू त्यात नाही, हे मला एका काडीने सांगितलं.

ऑगस्ट. विशेष काही नाही. गणपतीत दुर्वा, फुलांच्या दोऱ्या, केळीची पानं. धार उतरली की चहाच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड पुरते. कार्बन पोलादाचं हेच सुख. एकदा समुद्रावरून आल्यावर पुसायचं विसरलो, सकाळी तांबडे ठिपके. करडा-काळा डाग पात्याला राखतो, तांबडा खातो. खोबरेल आणि नखाने घासून गेले, दोन बारीक खड्डे राहिले.

सप्टेंबरात शिस्त मोडली. मित्राने जपानहून हिगोनोकामी आणला. मिकी गावचा, दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ, पात्याच्या मागे छोटी शेपटी, अंगठ्याने दाबली की पातं उघडतं आणि अंगठा तिथेच ठेवला तर उघडं राहतं. खटका नाही, स्प्रिंग नाही, लाकूड तर नाहीच. म्हणजे फुगायचा प्रश्नच नाही! तिथली शाळकरी मुलं पूर्वी यानेच पेन्सिली तासत. आठवडाभर वापरला. हाताला पितळेचा वास राहतो, आणि घामाने मूठ हिरवट पडते. तरीही कोकणासाठी मी नवख्याला हाच सुचवीन.

खिशात बाळगण्याबद्दल दरवेळी विचारणा होते म्हणून: आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रामपुरीच येतो, आणि कायद्याचा रोखही मुख्यतः तसल्या खटक्याच्या चाकूंवर आहे. दिल्लीत बटनदार, गरारीदार (दातेरी चक्रावर उघडणाऱ्या) चाकूंना ७.६२ सेंटीमीटर लांबी आणि १.७२ सेंटीमीटर रुंदीची मर्यादा घातलेली आहे. माझा रामपुरी कपाटात असतो, खिशात कधीच नाही. मेट्रो, कोर्ट, विमानाची केबिन, मिरवणूक, जमावबंदी, यांतलं काहीही असेल त्या दिवशी सहा नंबरही घरीच. आणि चारचौघांत उघडायचा तर दोन्ही हातांनी, सावकाश, समोर कापायची वस्तू ठेवून. सफरचंद दिसलं की कोणी दचकत नाही.

ऑक्टोबर १४. ऊन तापलं, हवा कोरडी झाली. जी फट जुलैच्या सुरुवातीला मी केसभर मोठी केली ती आता आटलेल्या लाकडात चांगलीच सैल आहे. पातं उघडलं की डुगडुगतं, कडी फिरवली की थांबतं. म्हणजे घासण्यात मी घाई केली. आधी नुसतं तेल पाजून बघायला हवं होतं. पुढच्या पावसात पुन्हा फुगेल तेव्हा बरोबर बसेल, असा माझा अंदाज आहे.

खोक्यातले पाच चाकू या महिन्यात देऊन टाकले, कधीच न उघडलेले. उरले नऊ, आणि दहावा अजून व्हायचा आहे: निघताना काकांनी करवतीच्या पात्याचा वीतभर तुकडा वर्तमानपत्रात बांधून दिला होता. लोहाराकडे दोन खेपा झाल्या. एका अंगाने सपाट ठेवायला तो तयार आहे, पण घडीची बिजागरी त्याने कधी केलेली नाही. जुन्या अडकित्त्याचा खिळा आणि चकत्या त्याला नेऊन दिल्या आहेत. बघू काय करतो ते.