ईईजी काढताना: मोजपट्टीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत

ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद. त्याचं मशीन सुरू करायच्या आधी माझ्या हातात मोजपट्टी असते, शिंप्याकडे असते तशीच. पेशंट आणि त्याच्यासोबत आलेले लोक स्क्रीनकडे बघत असतात, पण रेकॉर्ड चांगलं निघणार की वाईट हे त्या पट्टीवरच ठरलेलं असतं.

कारण सिग्नल फार बारीक असतो. हृदयाचा ईसीजी साधारण १ मिलिव्होल्टचा. डोक्यावरून मिळणारी मेंदूची लहर बहुधा १० ते १०० मायक्रोव्होल्टची, म्हणजे दहा ते शंभर पटींनी लहान. मेंदूच्या वरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, पिरॅमिडच्या आकाराच्या पेशी उभ्या पिकासारख्या एकमेकींना समांतर असतात. शेजारच्या पेशींकडून संदेश आला की त्यांच्यात मंद विद्युत बदल होतात. असे बदल निदान सहा चौरस सेंटिमीटर भागात एकाच वेळी झाले, तरच त्यांची बेरीज मेंदूभोवतीचं पाणी, आवरणं, हाड आणि कातडी ओलांडून इलेक्ट्रोडपर्यंत, म्हणजे डोक्यावर चिकटवलेल्या धातूच्या छोट्या वाटीपर्यंत, पोचते. खोलवर, हिपोकॅम्पससारख्या जागी उठलेला झटका वर दिसेलच असं नाही. म्हणून ईईजी नॉर्मल आला म्हणजे अपस्मार (फिट येण्याचा आजार) नाही, असा अर्थ कुणी काढला की मी लगेच थांबवते.

मोजणीची पद्धत १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेली, १०-२० पद्धत. नाकाचं हाड कपाळाला मिळतं तो खळगा म्हणजे नासिऑन, डोक्याच्या मागे बोटाला लागतो तो उंचवटा म्हणजे इनिऑन. समजा हे अंतर ३६ सेंटिमीटर भरलं. त्याचे १० टक्के ३.६ आणि २० टक्के ७.२. मग पुढून खुणा पडतात ३.६, १०.८, १८, २५.२ आणि ३२.४ वर. एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्या कानापर्यंत ३५ भरलं, तर मध्य १७.५ वर. हे दोन मध्य जिथे एकमेकांना छेदतात तो सी-झेड, डोक्याच्या माथ्यावरचा मधला बिंदू. तो चुकला की पुढचं सगळंच सरकतं. त्यानंतर डोक्याचा घेर घ्यायचा आणि राहिलेल्या खुणा त्यावरून काढायच्या. डाव्या बाजूला विषम आकडे, उजवीकडे सम.

नजरेच्या अंदाजाने इलेक्ट्रोड लावणारे हात मी पाहिले आहेत, आणि त्यातून होणारा गोंधळ मला अजिबात सहन होत नाही. ईईजीतली प्रत्येक रेघ म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. डावीकडचे दोन इलेक्ट्रोड सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जवळ आले तर तिथली लहर लहान दिसते, उजवीकडची मोठी. कवटीखाली रक्त साकळलं तरी त्या बाजूची लहर लहानच दिसते. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना पट्टी दिसत नाही, फक्त रेघ दिसते.

खुणा झाल्या की शेपटीच्या कंगव्याने प्रत्येक खुणेवर भांग पाडायचा, कातडी उघडी दिसली पाहिजे. खरखरीत जेल कापसावर घेऊन तेवढीच जागा हलक्या हाताने घासायची, रक्त येईल इतकी नाही. तेलकट डोकं असेल तर इथेच सगळा वेळ जातो, म्हणून आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवून या आणि तेल, कंडिशनर काही लावू नका असं आधीच सांगते. मग पेस्ट भरलेली वाटी खुणेवर दाबायची आणि वर गॉजचा तुकडा. डोक्यावर १९, कानांवर २, शिवाय ग्राउंड आणि ईसीजीची जोडी. इम्पिडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विद्युत अडथळा, ५ किलोओहमच्या आत आला की मी समाधानी. १० च्या वर गेलेला इलेक्ट्रोड परत लावते. नुसता कमी आकडाही फसवतो. पेस्ट जास्त झाली आणि शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये पसरली, की दोघांचा मिळून एकच इलेक्ट्रोड होतो आणि त्यांच्यामधली रेघ जवळजवळ सपाट पडते. इम्पिडन्स मात्र उत्तम दाखवतं!

सुरुवातीची सेटिंग्ज ठरलेली: ७ मायक्रोव्होल्टला १ मिलिमीटर, फिल्टर १ ते ७० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती लहरी). जागेपणी शांत, डोळे मिटून. मोठ्या माणसात डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय उमटते आणि डोळे उघडायला सांगितलं की तत्क्षणी विरते. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनाही हीच लय दिसली होती. मला ती आजही दर वेळी मनापासून बघावीशी वाटते. वर्षभराच्या बाळात मागची लय ५-६ हर्ट्झची असते, साधारण तिसऱ्या वर्षी ८ ला पोचते. म्हणून रेकॉर्डवर नेमकं वय नसेल तर तान्ह्या मुलाचा निरोगी ईईजी मोठ्या माणसाचा आजारी ईईजी वाटू शकतो.

त्यानंतरचं माझं खरं काम म्हणजे मेंदूचं काय आणि मेंदूचं नाही ते काय, हे वेगळं करणं.

डोळ्याचा पुढचा भाग मागच्याच्या मानाने धन भाराचा असतो. पापणी मिटताना बुबुळ वर फिरतं आणि कपाळावरच्या दोन्ही इलेक्ट्रोडमध्ये मोठी लाट उठते. ती चुकून मेंदूच्या पुढच्या भागाची, फ्रंटल लोबची, मंद लहर समजली जाते. शंका आली की मी डोळ्याखाली एक जादा इलेक्ट्रोड लावते. डोळ्याच्या वर आणि खाली लाट उलट दिशांना गेली तर ती डोळ्याची, एकाच दिशेला गेली तर मेंदूची. जबडा आवळला की कानशिलांवर काटेरी जाड पट्टा येतो. ओठ थोडे उघडे ठेवा म्हटलं की बरेचदा जातो. घामाने रेघा लाटांसारख्या वरखाली डुलतात, तिथे खोली गार करणं हाच उपाय. एखादा इलेक्ट्रोड धमनीवर बसला असेल तर ईसीजीच्या प्रत्येक ठोक्यामागे एक मंद लाट येते. तो जरासा सरकवायचा, सरकवल्याची नोंद करायची.

सगळ्यात फसवी चूक सैल इलेक्ट्रोडची. एकाच जागी अचानक टोकदार उसळी येते, अगदी अपस्मारात दिसणाऱ्या टोकदार लहरीसारखी, म्हणजे स्पाइकसारखी. पण खऱ्या स्पाइकला शेजार असतो: डाव्या कानशिलावरच्या टी-३ वर मोठा, तर त्याच्या पुढच्या-मागच्या एफ-७ आणि टी-५ वर त्याची कमी उंचीची सावली. सैल इलेक्ट्रोडला शेजार नसतो. उसळी दिसली की मी आधी तो इलेक्ट्रोड दाबून बघते, मग नवी पेस्ट भरते. रेघ घरच्या विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीने जाड झाली तर नॉच फिल्टर (तेवढीच गती गाळणारा फिल्टर) लावून ती झाकायची नसते. बहुतेक वेळा कुठल्या तरी इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स वाढलेला असतो किंवा उशाशी चार्जर असतो.

मग ३ मिनिटं जोरात, खोल श्वास, मिनिटाला साधारण २०. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लहान मुलांत मोठ्या मंद लहरी येतात. तो आजार नव्हे. पेशंट उपाशी असेल तर हा परिणाम आणखी वाढतो, म्हणून शेवटचं कधी खाल्लं ते आधीच लिहून घेते. मुलांच्या ॲब्सेन्स अपस्मारात, म्हणजे काही क्षण भान हरपणाऱ्या फिटमध्ये, याच वेळी सेकंदाला ३ या गतीने स्पाइक-वेव्ह (एक स्पाइक आणि मागोमाग एक मंद लाट अशा जोड्या) फुटतात. तेव्हा मी मोठ्याने एक शब्द सांगते आणि लहरी थांबल्यावर तो विचारते. आठवला नाही तर ती नोंद रेघांइतकीच मोलाची. अलीकडे पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार, सिकल सेल (रक्तपेशींचा आजार) किंवा मोयामोया (मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार) असेल, तर हा भाग मी करतच नाही.

लखलखत्या दिव्याचं आवर्तन नंतर: दिवा ३० सेंटिमीटरवर, गती १ पासून ३० हर्ट्झपर्यंत. प्रकाशाबरोबर स्पाइक-वेव्ह सुरू झाल्या की दिवा तिथेच बंद. आणखी चार सेकंद बघू म्हणणं म्हणजे पेशंटला फिट आणणं.

झोप मिळाली तर फार बरं, कारण बरेच स्पाइक झोपेतच बाहेर येतात. पण झोप लागताना सी-झेडवर टोकदार लहरी येतात, मुलांत तर चांगल्याच उंच, आणि त्या पूर्णपणे निरोगी असतात. आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायला सांगते, गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

चालू रेकॉर्डमध्ये फिट आलीच तर आधी वेळ टिपते, कुशीवर वळवते, तोंडात काहीही घालू देत नाही. डोळे कुठे वळले, हात कुठल्या बाजूचा आधी ताठला, हाक मारल्यावर ओ दिली का, हे मोठ्याने बोलत जाते म्हणजे व्हिडिओत आवाज राहतो. ५ मिनिटांत थांबली नाही तर इमर्जन्सी, तोवर डॉक्टर शेजारी असायलाच हवेत.

निदान २० मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्ड झालं की कोमट पाण्याने पेस्ट भिजवते, ओढून काढत नाही. शेवटच्या नोंदीत चालू गोळ्या आणि शेवटच्या डोसची वेळ, शेवटची फिट कधी, डाव्या हाताचा की उजव्या, आणि कवटीवर जुनी शस्त्रक्रिया असेल तर तिची जागा. हाडात भोक असलं की त्या जागी लहरी उंच आणि टोकदार दिसतात, आणि ती जागा लिहिलेली नसेल तर त्या लहरींना कुणीही स्पाइक म्हणेल.