पेंचच्या अंधारात ३सी २७३

नागपूर-जबलपूर रस्त्यावर पवनीपर्यंत ट्रकांची वर्दळ. सिल्लारीकडे वळलं की साग सुरू होतो आणि एप्रिलात मोहाचा वास गाडीत शिरतो. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेल्या उद्यानाचा, दर्जा मिळाला, देशात पहिलाच. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. गावांनी केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

मित्राची दहा इंची दुर्बीण आम्ही गावाबाहेर, रिकाम्या वावरात लावली. चित्रा वर आल्यावर कन्या राशीत नकाशा धरून ताऱ्यामागून तारा सरकत गेलो आणि ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र, सापडला. तेराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा फिकट ठिपका! १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा तांबड्याकडे १६ टक्के सरकलेल्या ओळखल्या, तेव्हा हा क्वेसार किती लांबचा आहे ते उमगलं. हा प्रकाश निघाला सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी.

मी मात्र आलो होतो तो या प्रकाशाच्या वाटेसाठी. वाटेत हायड्रोजनचा ढग आडवा आला की तो १२१६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतो. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून प्रत्येक ढगाची काळी रेघ वर्णपटात वेगळ्या जागी उमटते. जागेवरून अंतर कळतं. १९९१ मध्ये हबल दुर्बिणीला याच ठिपक्याच्या अतिनील वर्णपटात अपेक्षेहून कितीतरी जास्त रेघा दिसल्या. त्यांतल्या दोन कन्या दीर्घिकासमूहाच्या वेगाशी जुळणाऱ्या, म्हणजे ते ढग बहुधा त्या समूहाच्याच आसपासचे.

या ढगांचं ऐकून वावराचे मालक काका दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "दिसून नाई राह्यलं, तं हाये हे कसं समजते जी?" मग स्वतःच म्हणाले, "वाघ तरी कुठं दिसते? पंजा पाहूनच सांगतो आमी, केवढा हाये ते."

अगदी तसंच. अख्खी दीर्घिका आडवी आली तर रेघेची रुंद खाच होते, आणि रुंदीवरून हायड्रोजन किती ते मोजता येतं. दुसऱ्या एका क्वेसारच्या वर्णपटातल्या अशाच खाचेचा माग काढत चिलीतल्या आल्मा रेडिओ दुर्बिणींनी वुल्फ डिस्क शोधली. विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची ही दीर्घिका, आणि तेव्हाच सेकंदाला २७२ किलोमीटर वेगाने शिस्तीत फिरणारी तबकडी! इतक्या लवकर असं काही घडलं असेल, असं बहुतेकांना वाटत नव्हतं.

जायचं तर एप्रिलातली अमावास्या गाठा. टॉर्चला लाल कागद लावा, आणि रात्री वावरात थांबण्याआधी गावात व वनखात्याला विचारा. वाघ खरंच फिरतात.