सहासष्ट गुण

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांचं मानसशास्त्रीय मूल्यांकन करणं हे माझं काम. ऑटिझमच्या रांगेत बहुतेक लहान मुलं असतात. त्या दिवशी आले ते 39 वर्षांचे गृहस्थ आणि त्यांच्या सत्तरी ओलांडलेल्या आई. राहणं लालबागच्या चाळीत, मूळ गाव कणकवलीकडे. गिरगावातल्या छापखान्यात ते सोळा वर्षं प्रुफं तपासत होते. छापखाना बंद पडला, पुढच्या दोन नोकऱ्या महिनाभरही टिकल्या नाहीत, आणि मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन निदान झालं. ते शाळेत होते तेव्हा 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. ते आलं 2016 च्या कायद्यात, 21 प्रकारांच्या यादीत.

आम्ही वापरतो ती चाचणी म्हणजे ‘इसा’, ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज 70 च्या खाली राहिली तर ऑटिझम नाही असं धरतात. 70 झाले तर 40 टक्के दिव्यांगत्व, आणि सवलतींचं दार तिथे उघडतं. निरीक्षण आपण करायचं, बाकीचं घरच्यांना विचारायचं.

मी काकूंना विचारत गेले. माणसांत मिसळतो का? आवाजाचा त्रास होतो का? रोजच्या क्रमात बदल झाला तर चिडतो का? प्रत्येकाला एकच उत्तर. “माझ्या झिलाचो कोणाक काय त्रास नाय ओ, मॅडम.”

बेरीज आली 66.

पेनाचं टोपण लावलं तेव्हा माझं लक्ष त्या गृहस्थांच्या शर्टाकडे गेलं. कॉलरच्या आतल्या बाजूला लेबल नव्हतं. ते कापलेलंही नव्हतं. टाका न् टाका उसवून काढलेला, आणि सुईची भोकंसुद्धा नखाने घासून बुजवलेली. मी विचारलं, “काकू, हे कोण करतं?”

“मीच. नायतर तो घालूचो नाय.”

मी कागद पुन्हा पुढे ओढला आणि प्रश्न बदलला. त्रास होतो का, हे विचारणं सोडलं. होऊ नये म्हणून तुम्ही काय करता, ते सांगा म्हटलं.

काकू तासभर बोलत होत्या. सामाईक संडासापुढे रांग लागली की याला दरदरून घाम फुटतो, म्हणून दोघं पहाटे साडेचारला उठतात. गणपतीत लालबागला ढोल वाजतात, तेव्हा त्याला घेऊन गावी जायचं. कोकणातलं कोण जात नाही गणपतीला? त्यामुळे चाळीत कुणाला कधी काही वेगळं वाटलंच नाही. गावात आरती सुरू झाली की तो मांगरात जाऊन बसायचा. पाहुण्यांना सांगायचं, गुरांना पेंढा घालायला गेलाय. पाहुणे आले की त्याच्या वतीने बोलायचं. छापखान्याच्या मालकांशीही दर महिन्याला याच बोलून यायच्या.

या माउलीने एवढी वर्षं लेकाचा त्रास स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि मी तिलाच विचारत होते की त्रास आहे का. माझे आधीचे किती कागद असेच चुकले असतील, या विचाराने मला खुर्चीत बसवेना.

मग त्यांनाही विचारलं. घरच्यांना विचारायचं असा रिवाज आहे, पण मोठ्या माणसाला त्याच्याबद्दल विचारायचं नाही, हे मला पटत नाही. ते माझ्याकडे न बघता, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत, एकेका मुद्द्याचं नेमकं उत्तर देत गेले. नव्या बेरजेत 81 झाले. निरीक्षणाचे गुण मी जसेच्या तसे ठेवले. बदलली ती फक्त विचारून मिळालेली माहिती, आणि का बदलली ते शेऱ्यात लिहिलं.

त्यांनी कागद वाचायला मागितला. वाचून झाल्यावर विचारलं, “म्हणजे तासाभरात माझा आजार वाढला?”

“नाही. आणि हा आजार नाही.”

“मग 66 चूक होते?”

“हो. मी प्रश्न चुकीचा विचारला होता.”

त्यांनी मान हलवली आणि शेऱ्यातली माझी एक वेलांटी दुरुस्त केली.

टक्केवारी वैद्यकीय बोर्ड ठरवणार. ती 40 किंवा वर आली तर सरकारी नोकरीतल्या राखीव जागांसाठी अर्ज करता येईल. ‘निरामय’ या दिव्यांगांसाठीच्या आरोग्य विम्याचं त्यांना मीच सांगितलं, एक लाखापर्यंतचा. चिठ्ठीवर मी बोर्डाची पहिली वेळ लिहिली, साडेआठची, बाकांवर गर्दी व्हायच्या आत. काकूंनी ती पदराच्या टोकाला बांधली.

“आमी सातांकच येवन बसतलों,” त्या म्हणाल्या.