सुट्टीतल्या बायबल शाळेचे पाच दिवस

मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत गोष्टी सांगायचं काम यंदा आमच्या चर्चच्या मंडळीने पहिल्यांदाच माझ्याकडे दिलं. पाच दिवस, रोज एक गोष्ट आणि एक पाठांतर वचन. मी संडे स्कूलमध्येच वाढलेली, गोष्टी तोंडपाठ. सोपं जाईल असं वाटलं.

पहिल्या दिवशी अब्राम. देवाने सांगितलं म्हणून, कुठे जायचंय हे ठाऊक नसताना पंचाहत्तराव्या वर्षी घर सोडणारा. शेवटी विचारलं, "यातून आपण काय शिकलो?" सगळी एका सुरात म्हणाली, "देवावर विश्वास ठेवावा!" मी खूश. दुसऱ्या दिवशी लूकच्या १५व्या अध्यायातलं हरवलेलं मेंढरू. तोच प्रश्न, तेच उत्तर, सूरही तोच. खरं तर त्या गोष्टीत मेंढरू काहीच करत नाही. ९९ मेंढरं मागे ठेवून मेंढपाळच शोधत निघतो. मुलांनी मला हवं ते उत्तर दिलं होतं, आणि लहानपणी मीही नेमकं हेच करायचे. रात्री ते फार टोचलं.

तिसऱ्या दिवशी तो प्रश्न बंद केला आणि मुलांनाच शमुवेलाची गोष्ट करून दाखवायला सांगितली. सात वर्षांचा एक मुलगा डोळे घट्ट मिटून चटईवर झोपला. रात्री हाक देव मारतो, पण शमुवेलाला वाटतं, मंदिरातला म्हातारा याजक एली बोलावतोय. म्हणून हाक आली की उठून एलीकडे धावायचं. दोनदा धावला. तिसऱ्या खेपेला मध्येच थांबला, रडवेला होऊन म्हणाला, "ताई, हाक कोणाची, हे त्याला कसं कळणार?" बायबलही तेच सांगतं (१ शमुवेल ३:७): मंदिरात राहणाऱ्या शमुवेलाला तोवर परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. एलीच्यासुद्धा तिसऱ्यांदाच लक्षात आलं. हे वचन मी कितीदा वाचलं असेल, पण शमुवेलाची ती तारांबळ मला कधी जाणवलीच नव्हती. मी त्या मुलाला जवळ घेतलं आणि म्हणाले, "नाही कळलं त्याला. म्हणून तर तो विचारायला गेला."

चौथ्या दिवशी हस्तकला लांबली, गोष्ट घाईत उरकली.

शेवटच्या दिवशी मार्क ४ मधलं वादळ. बाकांची नाव केली, चौघांनी निळी चादर धरून लाटा केल्या, उशीवर डोकं ठेवून येशू झोपला. आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का, असं शिष्य ओरडले, तेव्हा एका मुलीने विचारलं, "ते चक्क येशूवर ओरडले? मग तो चिडला नाही?"

माझ्या तोंडावर तयार उत्तर होतं. ते गिळलं आणि आम्ही उतारा पुन्हा वाचला. तिनेच बोट ठेवून दाखवलं, "आधी वारा थांबवला. 'अजून विश्वास नाही का?' हे नंतर विचारलं."

एरवी प्रार्थनेत मी एकेक ओळ सांगायचे, मुलं मागोमाग म्हणायची. त्या दिवशी मी गप्प राहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच मुलगी म्हणाली, "प्रभू, तू झोपलायस का? दादाला ताप आहे. ऊठ ना."

मुलं आमेन म्हणाली. माझं आमेन जरा उशिरा आलं.