१५ हजारांत घरी गिटार-गाणं रेकॉर्ड करायचंय? आधी खोली बघा

आमच्या गिटारवाल्या पोरांपैकी एकानं परवा परत विचारलं, "दादा, गिटार आणि गाणं घरीच रेकॉर्ड करायचंय, १५ हजार हायत, काय घेऊ?" हेच बऱ्याच जणांना फोनवर सांगून झालंय, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवायची नि सुटायचं.

यूएसबी माईक नको. नुसतं बोलायचं असेल, पॉडकास्ट-बिडकास्ट, तर घ्या की. पण गळा आणि गिटार दोन्ही असल्यावर आज ना उद्या दुसरा माईक लावायची हौस येणारच, आणि तो जोडणार कुठं? त्यापेक्षा एक छोटा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि लॅपटॉपच्या मधला डबा, माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवतो) आणि साधा एक्सएलआर माईक, म्हणजे तीन पिनच्या वायरीचा. इंटरफेसमध्ये बेरिंजरचा यूएम२ सगळ्यात स्वस्तातला, काम होतं, पण माईकचं इनपुट एकच (दुसरं आहे ते गिटारमध्येच बसवलेल्या पिकअपची वायर लावायला) आणि १६ बिट, म्हणजे आवाज किती बारकाईनं नोंदवतो त्याचं माप, जास्त तितकं बरं. त्याच कंपनीचा यूएमसी२०२एचडी थोडा महाग, पण दोन माईक लागतात आणि २४ बिट मिळतं, म्हणजे लेव्हल जरा खालीच ठेवायची, मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास, मग मध्येच जोरात स्ट्रम केलं तरी आवाज फाटत नाही आणि नंतर वाढवला तर खरखरही येत नाही. फोकसराईट कंपनीचा इंटरफेस चांगलाच आहे, वाद नाही, पण त्यांचा २आय२ घेतला की बजेट तिथंच संपलं.

माईक म्हणाल तर ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२०. कंडेन्सर आहे, म्हणजे बारीक आवाजही पकडणारा पण वीज लागणारा माईक, इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही, आणि याच्या टोकात नाही, बाजूनं गायचं असतं, लोगो आपल्याकडं करून. भजनी मंडळाकडं, ऑर्केस्ट्रावाल्यांकडं जाळीच्या गोळ्याचा असतो तसला एसएम५८ का नको? शुअरचा तो माईक १९६६ पासून जगभर चाललाय, गळ्याला झकास, पण बोटांनी हळू वाजवलेली गिटार त्यात घ्यायची म्हणजे गेन (माईकचा आवाज वाढवायचं बटण) पार शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि स्वस्त इंटरफेस तिथं सूंऽऽ करायला लागतो.

आता कंडेन्सरची दुसरी बाजू, आणि पोरं नेमकं हेच ऐकून घेत नाहीत. त्याला सगळं ऐकू येतं. शेजारच्या काकूंचा कुकर, गल्लीतली बुलेट, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर लूमची, म्हणजे यंत्रमागाची खटखट. आणि मुख्य म्हणजे तुमची खोली. आपल्याकडं दहा बाय दहाची खोली, खाली फरशी, वर स्लॅब, भिंती कोऱ्या, मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, टणऽऽ असं जे परत येतं ना तेच तुमच्या गाण्यात येणार, मग माईक पाच हजाराचा असो नाहीतर पन्नास हजाराचा.

त्यावर उपाय सोलापुरात कुणाला विकत आणावा लागत नाही. घरात चादरी किती आहेत मोजा एकदा. पण चादर भिंतीला चिकटवून लावू नका, वाळत घालायची दोरी भिंतीपासून चार-सहा इंच सोडून बांधा आणि दुहेरी घडी करून सोडा, मधल्या हवेमुळं जास्त आवाज शोषला जातो. लावायची कुठं, तर गाणाऱ्याच्या पाठीमागं. एटी२०२० ला समोरचं जास्त ऐकू येतं, मागचं कमी, म्हणजे तो तुमच्या पाठीमागची भिंतच ऐकत असतो. चादरीनं फक्त वरचा टणटणाट जातो, खालची घूम राहते, तिच्यासाठी कापसाची जाड गादी कोपऱ्यात उभी करा. अंड्याचे ट्रे लावणाऱ्यांना माझा नमस्कार, त्यानं खोली फक्त विचित्र दिसते.

पंखा बंद हे तर आलंच. एप्रिल-मेमध्ये ४२ च्या घरात पारा असताना दुपारी पंखा बंद करून गाऊन दाखवा बे, मानलं तुम्हाला. पहाटे पाचला उठा, रस्ताही शांत असतो. त्याच कोरड्या हवेत गिटारचं लाकूड आखडतं, तडा जायची भीती असते, म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला करून पिळलेला स्पंज ठेवायचा आणि डबी गिटारच्या केसमध्ये.

माईक गिटारच्या भोकासमोर नका धरू, भसाभसा घुमतं. बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या), एक वीतभर लांब. मग तिथून बोटबोट सरकवत ऐकायचं, हे मात्र ज्याचं त्यानंच करायचं. आधी गिटार घ्या, मग त्यावर गळा, हेडफोन बंद कपाचे आणि वायरवाले, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो आणि ताल जातो. सॉफ्टवेअरला पैसे घालू नका, ऑडासिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं.

रेकॉर्डिंगमध्ये बारीक हूंऽऽ येत असेल तर माईकला शिव्या देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. जुन्या घरांत अर्थिंग नसतंच बऱ्याचदा. बॅटरीवर गेलं की गप्प होतं.

हिशोब असा, दर रोज बदलतात पण यूएम२, एटी२०२०, हेडफोन, स्टँड एवढं १५ च्या आसपास बसतं, २०२एचडी घेतला तर थोडं वर जाईल. आणि केबल माईकसोबत येत नाही, वेगळी मागा. साऊंडवाल्याच्या दुकानात माईकची वायर म्हटलं की एका बाजूला जाड जॅकवाली देतात, ती नको, तिच्यातून ४८ व्होल्ट जात नाही, माईक मुका राहतो. दोन्ही टोकांना तीन पिनवाली, असं स्पष्ट सांगा.